फणसाचं लाकूड आणि पडवी विसरू नका

जपानी आणि स्कँडिनेव्हियन शैली एकत्र करून घर सजवताना फिक्या पाइनचं फर्निचर घ्या, असं घरसजावटीवरच्या एका लेखात सुचवलंय. कोकणात राहणाऱ्यांनी जरा थांबावं. गुहागरच्या घरी आम्ही तसलं कपाट आणलं होतं. दुसऱ्याच पावसाळ्यात मागच्या फळीला हिरवट बुरशी आली आणि ड्रॉवर फुगून असे घट्ट बसले की दिवाळीपर्यंत उघडेनात.

मग परड्यातल्या जुन्या फणसाचा बुटका बाक गावातल्या सुताराकडून करून घेतला. नवा होता तेव्हा हळदीसारखा पिवळा, आता सहा वर्षांत मधाच्या रंगावर आलाय. हात फिरवला की रंध्याचे बारीक उंचवटे बोटांना लागतात. वापराने वस्तूला येणारं हे रूप म्हणजेच जपान्यांचं वाबी-साबी (जुनेपणातलं, अपूर्णतेतलं सौंदर्य), असं मला मनापासून वाटतं.

त्यांची एन्गावा तर आपली पडवीच! वर लांब वळचण, खाली बसायला जागा. नवीन घर बांधणाऱ्यांना कळकळीची विनंती, हॉल मोठा करायला पडवी काचेने बंद करू नका. सगळ्या भिंती पांढऱ्याही नकोत. स्कँडिनेव्हियात, म्हणजे नॉर्वे-स्वीडनकडे, हिवाळ्यात उजेड कमी, म्हणून ते पांढरा लावतात. आपल्याकडे चिऱ्याची एक भिंत गिलावा न करता तशीच ठेवून बघा.