तुकडा नीट पोचला तरच गोळी कळते

फुफ्फुसाच्या कॅन्सरवर केमोपासून गोळीपर्यंत पोचलेल्या ऑन्कॉलॉजिस्टचा (कॅन्सरच्या डॉक्टरचा) प्रवास सांगणारा एक लेख वाचला, छान आलाय. पण गडचिरोली-यवतमाळकडच्या पेशंटची गाडी त्याआधीच अडते.

एक्स-रेत डाग दिसला की टीबीचा कोर्स सुरू होतो. थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आहे, डाग वाढतोय, खोकल्यातून रक्त पडतंय, तर सहा महिने वाट बघायची नाही. सीटी आणि बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) करायची. काढलेला तुकडा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्येच (तुकडा टिकवणारं द्रावण), त्याच्या दहापट द्रवात. सलाईनमध्ये टाकून एसटीनं नागपूरला धाडला तर पेशी वाटेतच खराब होतात आणि ईजीएफआर तपासणी, म्हणजे गाठीतल्या ईजीएफआर जनुकात बदल आहे का ते बघणं, हातची जाते. हा जनुकीय बदल 2004 साली सापडला. भारतात अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) साधारण चौघांत एकाकडे असतो, बिडीला कधी हात न लावलेल्या बायांमध्ये जास्तच. म्हणून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या, जपून ठेवा.

हा बदल सापडला तर दिली जाणारी गोळी म्हणजे जेफिटिनिब 250 मिलिग्रॅम, रोज एक. पुरळ, जुलाब होतात. परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दम अचानक वाढला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. आणि फार घरांत होणारी चूक: गावच्या मेडिकलमधून गॅससाठी पॅन्टोप्राझोल सोबत घेतलं की पोटातलं आम्ल घटतं, जेफिटिनिब नीट विरघळत नाही, रक्तात कमी उतरतं. कापूस वेचणीत नागपूरची फेरी हुकते, तेव्हा महिन्याच्या गोळ्या आधीच आणून ठेवा.