अर्थिंग काढल्यानं वायफाय वाढत नाही, बाप्पा!

‘वायफाय कंपन्या लपवतात ते सात उपाय’ असा एक लांबलचक मेसेज सध्या आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतो आहे. शेतकरी गट, भजनी मंडळ, दहावीची बॅच, कुठेही बघा. वर फॉरवर्डचे दोन बाण, खाली ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’. तालुक्याच्या गावी वायरलेस लिंक लावून पोट भरणाऱ्याला असले मेसेज नवे नाहीत, मी सोडून देत होतो. पण हा मोठेबाबांपर्यंत पोहोचला. आणि त्यांनी तो नुसता वाचला नाही, अमलात आणला.

त्यांची संत्र्याची बाग गावापासून किलोमीटरभर. फळ रंगावर आलं की चोर, आणि बाराही महिने रोही नि रानडुकरं, म्हणून बागेत कॅमेरे. गावातल्या घरी फायबर आहे, तिथून बागेतल्या कोठ्यापर्यंत वायरलेस लिंक, म्हणजे दोन्ही टोकांना खांबावर एकेक डबा, तोंडं एकमेकांकडे. परवा फोन आला, “अर्थिंगचा तार काहाडून टाकला म्या. सिग्नल जमिनीत जाते म्हणे. आता दोन दांड्या वाढल्या, पाय!”

मेसेजमधले सात उपाय असे: राउटरमागे स्टीलचं ताट ठेवा, रिकामा चॅनल निवडा, 3 किंवा 9, आणि रुंदी 40 करा, खांबाचं अर्थिंग काढा, बूस्टर आणि मोठी अँटेना लावा, दोन टोकं एकमेकांना दिसली की खांबाची उंची वाढवू नका, जमतील तितके रिपीटर लावा, पाऊस सिग्नल पितो म्हणून पावसाळ्यात लिंक बंद ठेवा.

बाकी सहांनी फार तर पैसे जातील. तिसऱ्यानं जीव जाईल, म्हणून आधी तोच.

बाहेर लावायच्या या पांढऱ्या डब्यांत रेडिओ आणि अँटेना एकाच प्लास्टिकच्या खोक्यात असतात. डेटा आणि वीज दोन्ही एकाच केबलनं वर जातात. अर्थिंगची पट्टी बांधलेली असते खांबाच्या लोखंडी जीआय पाइपाला आणि सर्ज अरेस्टरला, म्हणजे केबलला विजेच्या झटक्यापासून सांभाळणाऱ्या डबीला. रेडिओ लहरी त्या पट्टीतून जातच नाहीत. ज्या वाटेनं सिग्नल कधी गेलाच नाही, ती वाट तोडून सिग्नल वाचवायचा, हे कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे.

मग दोन दांड्या वाढल्या कशा? तार काढायला मोठेबाबांनी गडी वर चढवला. त्यानं नट ढिले केले, पाइप हलला, डब्याचं तोंड दोन बोटं इकडचं तिकडे झालं. शिवाय काम करताना वीज बंद करून पुन्हा चालू केली. डबा नव्यानं सुरू झाला की चॅनलही नव्यानं शोधू शकतो. श्रेय मात्र काढलेल्या तारेला!

आता ती पट्टी काय करते ते बघा. सपाट शिवारात वीस फुटी लोखंडी पाइप म्हणजे आजूबाजूची सगळ्यात उंच वस्तू. थेट वीज पडली तर अर्थिंग असूनही डबा वाचेल याची हमी मी देणार नाही. पण बहुतेक नुकसान थेट पडणाऱ्या विजेनं होत नाही. वीज दोन शेतं पलीकडे पडते आणि तिच्या झटक्यानं तुमच्या लांब केबलमध्ये दाब तयार होतो. अरेस्टर वीज गिळत नाही, तो हा दाब जमिनीकडे वळवतो. जमिनीचा तारच नसेल तर वळवायचा कुठे? तो केबलनं खाली उतरतो, ॲडॉप्टर, राउटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर जाळतो, आणि त्या क्षणी कोणाचा हात केबलवर असेल तर त्याचंही खरं नाही.

दुसरा धोका आभाळ निरभ्र असतानाही आहे. ॲडॉप्टर बिघडून पाइपावर करंट उतरला तर अर्थिंग असताना तो जमिनीत जातो, फ्यूज उडतो नाहीतर ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, पडतं. अर्थिंग नसेल तर पाइपाला हात लावणारा माणूसच अर्थिंग. मोटारीच्या स्टार्टरची पेटी कधी ना कधी झिणझिणलेली नाही असा शेतकरी आपल्याकडे सापडायचा नाही. तीच माणसं वायफायच्या खांबाचं अर्थिंग काढतात, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

उलट आपल्या काळ्या जमिनीत अर्थिंगकडे जास्त लक्ष लागतं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पट्टीभोवतीची माती सुटते, खड्डा कोरडा पडतो. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी सोडत राहा आणि मृगाच्या आधी अर्थ टेस्टरनं मोजून घ्या. 10 ओमच्या आत असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. आणि खांबाचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडलेलं असू द्या. दोन्ही वेगवेगळी ठेवली तर वीज पडल्यावर त्यांच्यातला दाबाचा फरक तुमच्या केबलमधूनच धावतो. ज्यांनी पट्टी काढली आहे त्यांनी ती पुन्हा लावावी, पण आभाळ भरलेलं असताना वर चढू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप आधी बघावं.

आता बूस्टर. इथं माझ्या मताचा प्रश्नच नाही, भारत सरकारची 28 जानेवारी 2005 ची अधिसूचना आहे, जीएसआर 45(ई). वायफायच्या लहरींचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो तो तिच्यामुळे, आणि तिच्या अटींवरच: यंत्राची शक्ती जास्तीत जास्त 1 वॅट, अँटेना धरून बाहेर सुटणारी 4 वॅट, अँटेना इमारतीच्या छतापासून 5 मीटरच्या आत. मेसेजमधला ‘10 वॅटचा चायना बूस्टर’ या परवानगीत बसत नाही. त्याच अधिसूचनेत असंही आहे की हा पट्टा सगळ्यांनी वाटून वापरायचा, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि आपल्याला त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या राउटरनं तुमची लिंक बसली तर तक्रार करायला जागा नाही, आणि तुमच्या बेकायदा बूस्टरनं त्याची बसली तर त्याला आहे.

समजा कायदा बाजूला ठेवला, तरी उपयोग काय? राउटर कितीही ओरडला तरी मोबाइलला उत्तर द्यायचं असतं, आणि मोबाइलचा आवाज वॅटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी. दांड्या भरलेल्या, पान मात्र उघडत नाही, ही तक्रार अशीच येते. मोठ्या अँटेनेचंही तेच. भाकर जास्त थापली की लांब पसरते, पीठ तेवढंच राहतं. चारी दिशांना लांब जाणारी अँटेना वरची आणि खालची बाजू चपटी करून लांब जाते, म्हणून ती पाण्याच्या टाकीवर चढवली की टाकीखालचंच घर उपाशी राहतं.

रिकाम्या चॅनलचा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो, म्हणून जास्त फसवा. 2.4 च्या पट्ट्यात चॅनल 5 मेगाहर्ट्झच्या अंतरानं आहेत आणि प्रत्येक सिग्नल 20 मेगाहर्ट्झ रुंद. त्यामुळे एकमेकांत न घुसणारे 1, 6 आणि 11 एवढेच धरायचे. एकाच चॅनलवरची यंत्रं एकमेकांचं ऐकून पाळी लावतात. तुम्ही 3 वर बसलात की 1 वाल्यांना आणि 6 वाल्यांना दोघांनाही तुमचा नुसता गोंगाट, आणि त्यांचा तुम्हाला. रुंदी 40 केली की जवळजवळ अर्धा पट्टा तुम्हीच अडवला. बसस्टँडसमोरच्या मोबाइल दुकानांच्या रांगेत हे करून बघा, सगळ्यांचंच बसेल. शेतात, जिथं दुसरा राउटर नाही, तिथं मात्र कुठलाही चॅनल चालतो, हे कबूल.

ताटाचंही अर्धंमुर्धं कबूल करावं लागतं. धातू लहरी परतवतो. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी 2017 मध्ये धातूचा थर दिलेले खास आकाराचे परावर्तक राउटरला लावून हे दाखवलंही आहे. पण ते आकार घराच्या नकाशावरून काढलेले होते, स्वयंपाकघरातून उचललेले नव्हते. आणि समोर वाढलेला सिग्नल मागून गेलेला असतो. ताटामागच्या खोलीत मुलगी ऑनलाइन क्लास करत असेल तर तिला विचारा.

‘दोन टोकं दिसली की झालं’ हे ऐकून मी कपाळावर हात मारला. दिसणं पुरत नाही. दोन टोकांमधल्या रेषेभोवतीची जागाही मोकळी लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. किलोमीटरभराच्या लिंकला मधोमध तिची त्रिज्या 5.8 गिगाहर्ट्झवर साडेतीन मीटरच्या वर, 2.4 वर साडेपाच मीटरच्या वर. निदान 60 टक्के तरी मोकळी हवी. आणि आपल्याकडे पाहणी होते एप्रिलमध्ये, कारण तेव्हा रस्ते कोरडे आणि हात रिकामे. धुऱ्यावरचा साग तेव्हा निष्पर्ण, पलीकडचं सगळं दिसतं. लिंक लागते, बिल होतं. आषाढात त्याच सागाला सुपाएवढी पानं येतात, ती ओली होतात आणि लिंक मरते. मग शिव्या डब्याला! पाहणीला गेलात की झाडं मोजा, पालवी धरून मोजा, आणि खांब तेवढा वर न्या.

रिपीटर म्हणजे सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा. त्याबद्दल एवढंच, की एका रेडिओचा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनलवर, आळीपाळीनं. दर टप्प्याला वेग साधारण अर्धा. तीन लावलेत तर काय उरेल ते तुम्हीच काढा.

पाऊस सिग्नल पितो हा समज टीव्हीच्या छत्रीवरून आला. पावसात ती अडते, कारण तिचा सिग्नल 11-12 गिगाहर्ट्झचा आणि थेट उपग्रहावरून येणारा. 5 गिगाहर्ट्झवर किलोमीटरभराच्या लिंकला धो धो पावसातही एक डेसिबलचं, म्हणजे जाणवण्याइतकंही, नुकसान होत नाही. पावसाळ्यात लिंक जाते ती ओल्या पानांनी, नाहीतर कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यानं. केबल डब्यात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडेल, आणि कनेक्टरवर साधी काळी टेप न गुंडाळता स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. साधी टेप वैशाखातल्या उन्हातच सुटते.