घरबसल्या फसा, जीएसटीसकट

घरबसल्या काम शोधताय? छान. मी हा कोर्स नुकताच २,३६० रुपये भरून पूर्ण केलाय, तेव्हा सल्ला द्यायचा मला हक्क आहे.

आधी जाहिरात नीट निवडा. कंपनीचा पत्ता, लँडलाइन असलं काही दिसलं की सोडून द्या. लोकलच्या डब्यात चिकटवलेला स्टिकर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणा काकूंनी ‘गरजूंना पाठवा’ म्हणून ढकललेला मेसेज, याच्याइतकं भरवशाचं काही नाही. ‘गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त. अनुभव नको. रोज २ तास, महिना ३०,०००.’ इंजिनीअर झालेली पोरं निम्म्या पगारावर दिवसभर राबतात, मग आपल्यालाच हे कुबेर कसे भेटले, असल्या शंका काढू नका.

मुलाखतीचा हट्ट धरू नका. ‘हाय डिअर’ आलं की झाली मुलाखत.

नंबर +६२ किंवा +८४ ने सुरू होत असेल तर पेढे वाटा. इंडोनेशिया-व्हिएतनामपर्यंत तुमची कीर्ती पोचली आहे.

टेलिग्रामवरच्या ‘टास्क’ची संधीही दवडू नका. हॉटेलांना पाच तारे द्यायचे, व्हिडिओ लाइक करायचे. माझ्या मावसभावाला पहिल्या दिवशी खरोखर १५० रुपये मिळाले. मग १,००० भरले, १,३०० आले. मग ५,०००, मग २०,०००. ग्रुपवर दोनशे जण कमाईचे स्क्रीनशॉट टाकत होते, सगळे भामट्यांचेच लोक. स्क्रीनवर लाखभर जमले, काढायला गेला तर आधी ३० टक्के टॅक्स भरा. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने अशा शंभरावर वेबसाइट बंद केल्या, पण घाबरू नका, दुकान पुढच्या गल्लीत लगेच उघडतं.

आता माझा विषय, डेटा एन्ट्री. नोंदणी २,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. जीएसटी बघून मला इतका विश्वास वाटला म्हणून सांगू! पैसे गेले मात्र कुणाच्या तरी खाजगी यूपीआयवर. बदल्यात ५०० फॉर्म आले, पाच दिवसांत भरायचे. फॉर्म म्हणजे धुरकट फोटो, शून्य कुठलं आणि ‘ओ’ कुठलं ते छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही. बाळ झोपलं की ओट्याशेजारी लॅपटॉप ठेवून मी रात्री दोनपर्यंत टाइप करायचे. कॉपी-पेस्ट बंद. अचूकता ९० टक्के हवी होती, माझी निघाली ८४. कुणी मोजली, कशी मोजली, विचारायची सोय नाही. करार सही करण्यापूर्वी वाचू नये, हा माझा खास सल्ला. चौथ्या पानावर लिहिलेलंच होतं की काम नापास झालं तर ६,८०० दंड.

आणि मग नोटीस! व्हॉट्सअॅपवर. वर अशोकस्तंभ, बाजूला तराजू, मध्ये लाल अक्षरात ‘फायनल’. दोन तासांत पैसे भरा, नाहीतर आयपीसी ४२० खाली पोलीस घरी येतील. अरे, तारीख मार्च २०२५ ची! १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. भामट्यांनो, पैसे लुबाडता तर निदान फॉर्म तरी नवा छापा! हे आत्ता सुचतंय. तेव्हा बेल वाजली की पोटात गोळा यायचा. दूधवाल्याला मी दोन दिवस दार उघडलं नव्हतं. नवऱ्याला सांगायला मला अकरा दिवस लागले, आणि तोपर्यंत ६,८०० पैकी ३,००० मी भरूनही बसले होते. जिने काम केलं तिनेच दंड भरायचा! पाच रात्रींच्या मजुरीचं काय? ते कुणी विचारतच नाही.

बँक खातं ‘कमिशनवर वापरायला’ मागितलं तर जरूर द्या. चोरीचे पैसे फिरतील, खातं गोठेल, पोलीस तुम्हालाच विचारतील.

बस झालं. मला नाही जमत हे विनोदी लिहिणं. नोकरीसाठी कुणी आधी पैसे मागितले की फोन ठेवा. गेले असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकले की अडवणं कठीण होतं. मी अकरा दिवस गप्प बसले ती कशामुळे? ‘इतकी शिकलेली असून?’ या तुमच्या एका प्रश्नामुळे. त्या चोराला असं कधी विचारलंत?

आणि काकू, ज्या मेसेजने माझे पैसे गेले तो तुम्ही रविवारी परत टाकलात, सुप्रभातच्या गुलाबाखाली. ‘यात मी फसले’ असं मी तिथेच लिहिलं, तर त्यावर दोन हात जोडलेले आणि एक हसणारा चेहरा आला. आज बुधवार. मेसेज तसाच आहे, खाली तिघींनी ‘इंटरेस्टेड’ लिहिलंय. काढा तो. नाहीतर त्या तिघींचे पैसे तुम्ही भरा, जीएसटीसकट.