अल्टरनेटरची तान

केसरबाई केरकर आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून अवकाशात गेली आणि आता सूर्याच्या वाऱ्याचीही हद्द ओलांडून पलीकडे पोचली आहे. माझ्या गाडीत मात्र ती फोंड्याहून निघाल्यावर फर्मागुडीचा चढसुद्धा धड चढत नव्हती.

बाई षड्जावर स्थिरावल्या की मागून कोणीतरी 'कुंऽऽई' म्हणायचं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्वर वर, गियर बदलला की झर्रकन खाली. बाणस्तारीच्या पुलाजवळ गाड्यांची रांग लागली की खर्ज. तानेची तयारी जबरदस्त, फक्त राग भलताच.

"तुझा तंबोरा उतरलाय," बायको म्हणाली.

आता गाडीतलं गाणं बिघडलं हे गोव्यात कोणाला सांगू नये. सल्ला फुकट मिळतो, वर चहा आपणच पाजायचा. एकजण म्हणाला, स्पीकर गेले. म्हणून मी दारांची पॅनल उघडली. दाराच्या आत इतकं पावसाचं पाणी उतरत असेल याची मला कल्पनाच नव्हती. ते काचेच्या फटीतून आत येतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं, तसं ते जायलाच हवं. आमची भोकं चिखलाने बुजली होती आणि स्पीकर बसवताना कोणीतरी आतला प्लॅस्टिकचा पडदा टराटरा फाडून ठेवला होता. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हा पडदा फाडणं म्हणजे पागोळीखाली गादी वाळत घालणं.

तरीही स्पीकर जिवंत होते. तपासायची युक्ती सोपी आहे. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्यायची, दोन वायरी स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या. 'टप्प' असा आवाज आला आणि कागदी पडदा उसळला तर स्पीकरची कॉइल शाबूत आहे. जेवणाच्या टेबलावर मी चारही स्पीकर असे टपटपवले. चौथा टपकल्यावर आईने आतून विचारलं, "नारळ पडला का रे?"

दुसरा सल्ला फ्यूजबद्दल. तो उडतोय असं वाटत असेल तर सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी चांदी गुंडाळून बसव, म्हणे. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. त्याच्या जागी चांदी बसवणं म्हणजे रखवालदाराला सुट्टी देऊन दार उघडं टाकणं. मुळात माझा फ्यूज उडालाच नव्हता, पण सल्ला देणाऱ्याचा विरस नको म्हणून मी "बघतो" म्हणालो. तिसऱ्याने चार्जर उपटायला लावला, कारण स्वस्त मोबाइल चार्जरही असा किणकिणतो. उपटला. कुंई जागच्या जागी.

शेवटी एका दुकानदाराने आयसोलेटर नावाची डबी गळ्यात मारली. ती लावल्यावर कुंई अर्धी कमी झाली आणि तबला सगळाच गेला. ऑगस्टभर मी हे असं ऐकलं.

मग भोम गावच्या एका माणसाचं नाव कळलं. दुकान म्हणजे घरासमोरचा माटव, म्हणजे मांडव, हातात मल्टीमीटर, कानात पेन्सिल. त्याने गाणं लावलंच नाही. आधी इंजिन बंद ठेवून बॅटरी मोजली, १२.६ व्होल्ट. इंजिन चालू करून मोजली, १४.१. मान डोलावली. मग डिकीत शिरला आणि अ‍ॅम्प्लिफायरला जाणाऱ्या गाण्याच्या बारीक केबली उपटल्या. कुंई थांबली. परत खुपसल्या, कुंई हजर.

"पात्रांव, अर्थ बरो ना," तो म्हणाला. म्हणजे मालक, अर्थिंग बरोबर नाही.

मला समजेल एवढंच त्याने सांगितलं. अल्टरनेटर जन्मतः एसी वीज करतो. आतले डायोड तिला इस्त्री करून डीसी करतात, पण कडेला थोड्या चुण्या राहतात. इंजिन जितकं जोरात पळेल तितक्या चुण्या दाट. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थची वायर गाडीच्या पत्र्याला घट्ट चिकटली असली तर त्या तिथूनच बॅटरीकडे परत जातात. तिथे अडथळा आला की काही विजेला दुसरी वाट सापडते, ती गाण्याच्या केबलीच्या धातूच्या वेष्टणातून. मग अ‍ॅम्प्लिफायर बिचारा गाण्याबरोबर तिलाही मोठं करतो. त्याचं कामच ते.

त्याने मल्टीमीटरचं एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या काळ्या, म्हणजे अर्थच्या, वायरीच्या स्क्रूला आणि दुसरं लांब वायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. आवाज वाढवला की मीटर जवळजवळ पाऊण व्होल्ट दाखवत होता. तिथे जवळजवळ शून्य हवं. स्क्रू काढला. खाली पत्रा नव्हताच, चांगला जाड, तुकतुकीत राखाडी रंग होता. त्यावर वायरीचा डोळा बसवलेला.

"हो रंग कोणें मारलो?"

मी माटवाच्या वाशांकडे बघितलं.

मे महिन्यात पावसाच्या तोंडावर डिकीत गंजाचा डाग दिसला म्हणून मीच गंजरोधक रंग मारला होता. स्क्रू काढला, दोन हात दिले, वाळवला, पुन्हा पिळला. फोटोही काढला होता. रंगातून वीज जात नाही हे मी शाळेत शिकलो होतो, पण शाळा वेगळी आणि डिकी वेगळी.

"रंग वयर मारपाचो, सकयल न्हय," एवढंच तो म्हणाला. रंग वरून मारायचा, खाली नाही. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून चकचकीत केली, दातेरी वॉशर घातला, स्क्रू आवळला आणि वरून रंगाचा एक फटकारा दिला. मीटर शून्याजवळ. डबी काढून माझ्या हातात दिली. पैसे एवढे कमी सांगितले की मला ते आयसोलेटरपेक्षा जास्त झोंबले.

येताना म्हार्दोळपर्यंत केसरबाई एकट्या गायल्या.

"काय होतं शेवटी?" बायकोने विचारलं.

"खारी हवा," मी म्हणालो. "समुद्रामुळे सगळं गंजतं गं आपल्याकडे."

"समुद्र? फोंड्यात?" तिने फडताळाकडे बघितलं. "आणि तो राखाडी रंगाचा डबा तू मे महिन्यात कशाला आणला होतास?"