अंगणवाडीत शिकवायला आणखी एक बाई द्या

पहिलीच्या वर्गावरच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. शाळा सुरू झाल्यावर आठवड्याभरातच त्याला कळलेलं असतं की कुठल्या पोरासाठी कुणीतरी वेळ काढलाय आणि कुठलं पोर आपलं आपणच वाढलंय. त्यासाठी अक्षरं विचारावी लागत नाहीत. ज्यानं मणी ओवलेत, चिखलाचे बैल केलेत, त्याच्या बोटांत खडू नीट बसतो. गोष्ट ऐकायची सवय असलेलं पोर "मग काय झालं?" म्हणून पुढे सरकतं, सवय नसलेलं गोष्ट सुरू झाली की उठून दाराकडे चालू लागतं. कमी-जास्त, आधी-नंतर, वर-खाली हे शब्द ज्याच्या तोंडात घोळलेले असतात त्याची बेरीज दिवाळीच्या आत रुळावर येते. बाकीच्यांच्या मागे आम्ही वर्षभर धावत असतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांना गाठत नाही.

मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बहुतेक वर्षं पहिली-दुसरीच. गावाची अंगणवाडी आमच्याच आवारात आहे, माझ्या वर्गाच्या खिडकीतून सरळ दिसते. त्यामुळे हे मत काही कार्यशाळेत ऐकून बनवलेलं नाही. मत एवढंच: प्रत्येक अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस यांच्या जोडीला फक्त मुलांना शिकवण्यासाठी आणखी एक बाई नेमा. अर्धवेळ चालेल. भिंतीवरचं छोटा भीमचं चित्र नंतर रंगवा.

सेविका काम करत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एक सकाळ तिथे येऊन बसावं. परवाचं सांगते. दहा वाजलेत, चौदा-पंधरा पोरं सतरंजीवर, ताईंनी 'अडगुलं मडगुलं' सुरू केलंय आणि पोरं हातवारे करताहेत. तेवढ्यात टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या आहाराची, पाकिटं न्यायला बायका आल्या. आता पाकीट द्यायचं तर मोबाईलवर चेहरा जुळला पाहिजे, ओटीपी आला पाहिजे. नातवाला कडेवर घेऊन एक आजी आलेल्या. नाव सुनेचं, फोटो सुनेचा, ओटीपी येणार तो फोन मुलाकडे, आणि सून गेलेली कांदा काढायला. ताई समजावताहेत, आजी ऐकून घेताहेत आणि शेवटी म्हणतात, "म्हंजी माजं थोबाड चालत न्हाई व्हय?" सगळ्याजणी हसल्या, ताईसुद्धा. पण या हसण्यात, नेटवर्क शोधण्यात आणि "उद्या सुनेला घेऊन या" सांगण्यात पाऊण तास गेला. तोवर सतरंजीवर दोघांची मारामारी झाली होती, एक झोपलं होतं आणि एक माझ्या वर्गाच्या खिडकीला लोंबकळत होतं. मग खिचडी आली. मग हात धुणं, जेवण, आणि घरी.

हा वाईट दिवस नव्हता. नेहमीचाच होता. वजनाचा दिवस असता तर गाणंही झालं नसतं.

एका सेविकेकडे काय काय असतं ते बघा. गरोदर मातांची नोंद, स्तनदा मातांची नोंद, वजन-उंची, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंच्या हाताखाली उभं राहणं, गृहभेटी, हे सगळं भरायचं पोषण ट्रॅकर ॲप. बऱ्याच ठिकाणी बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम तिच्याच गळ्यात. २०२४ साली लाडकी बहीण आली तेव्हा फॉर्म भरून घ्यायला पुन्हा याच पुढे, एका फॉर्ममागे ५० रुपयांच्या आश्वासनावर. पुढच्या वर्षी त्याच बहिणींच्या घरी चारचाकी आहे का हे बघायलाही याच. गावातलं कुठलंही काम 'बाई माणूस, घरोघरी ओळख, नाही म्हणणार नाही' या तीन गुणांवर तिच्याकडे येतं. आणि हातात मानधन. पगार म्हणायचं नाही, कारण शासनाच्या लेखी त्या 'मानसेवी'. २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ८,३२५ वरून १०,००० झालं, मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५००. त्याच वर्षी डिसेंबरात संप झाला तो जानेवारी संपेपर्यंत चालला, त्यानंतर आणखी वाढ मिळाली. ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, तो निकाल एप्रिल २०२२ चा.

तरी मानधनावर लोक निदान बोलतात. शिकवण्यावर कुणी बोलत नाही, आणि त्याचं कारण योजनेच्या रचनेतच आहे असं मला वाटतं.

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्यात सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं), आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. पहिल्या पाचांचा आकडा निघतो. किती पाकिटं गेली, किती डोस झाले, किती किलो भरलं. सहाव्या सेवेचा आकडा काय काढणार? आज पोरांनी किती गाणी म्हटली? पर्यवेक्षिका येतात त्या रजिस्टर तपासतात, ॲप तपासतात. पोरांना गोष्ट सांगायला लावून बसलेली पर्यवेक्षिका मी एकदाच बघितलीय, आणि तिची बदली झाली.

आहाराच्या मागे कायदाही उभा राहिला. २००१ मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ही योजना सगळ्या मुलांपर्यंत न्या असा आदेश दिला, २००६ मध्ये १४ लाख अंगणवाड्या उघडायला लावल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तर तीन ते सहा वर्षांच्या मुलाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं मापासकट लिहिलं गेलं. (त्यासाठीचा दर २०१७ साली ६ वरून ८ रुपये झाला, मुलामागे दिवसाला. ८ रुपयांत काय शिजतं हे बचत गटाच्या बायकांना विचारा, मी इथे लिहीत नाही.) शिक्षणाचं काय? २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती झाली, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मूलभूत हक्क मिळाला आणि सहाच्या आतल्यांसाठी कलम ४५ मध्ये राज्यानं 'प्रयत्न करावा' असं आलं. शिक्षणहक्क कायदाही सहापासूनच धरतो, त्याच्या कलम ११ मध्ये पूर्वप्राथमिकची सोय शासन 'करू शकेल' एवढंच आहे. खिचडी दिली नाही तर कुणीतरी कोर्टात जाऊ शकतं. गोष्ट सांगितली नाही म्हणून कोण जाणार?

आणि हे महाराष्ट्रात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथे आल्या. वस्तीवरची पोरं बालवाडीत येत नव्हती, तर यांनी बालवाडीच उचलून वस्तीवर नेली, कुणाच्या तरी अंगणात मांडली. १९५७ नंतर कोसबाडला वारली पोरांसाठी तेच काम चाललं, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. महागडी साधनं परवडणारी नव्हती म्हणून बिया, शिंपले, पानं, दगड घेतले. आज सरकारी प्रशिक्षणात 'स्थानिक साहित्यातून शैक्षणिक साधने' म्हणून स्लाइड दाखवतात ते सगळं तिथे झालेलं आहे. कमतरता पद्धतीची नाही. राज्यानं 'आकार' अभ्यासक्रम केला, केंद्रानं २०२४ मध्ये 'आधारशिला' आणला, दोन्हींत चांगलं पुष्कळ आहे. ते घेऊन सतरंजीवर सलग दोन तास बसणारं माणूस नाही.

तर हे माणूस दिलं तर काय होतं, याची परीक्षा आपल्याच देशात झालेली आहे. तामिळनाडूत अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२० अंगणवाड्या घेतल्या आणि त्यांतल्या चिठ्ठ्या काढून निवडलेल्या निम्म्यांत शिकवण्यासाठी एक अर्धवेळ बाई जास्तीची नेमली. दीड वर्षानं तपासलं. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, गणित आणि भाषा दोन्हींत मुलं पुढे गेली होती. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढेच आहे: त्या अंगणवाड्यांत कुपोषणही कमी झालं. कारण जुन्या सेविकेचा वेळ सुटला, तो तिनं आरोग्य-आहाराच्या कामाला दिला. म्हणजे शिकवणाऱ्या बाईमुळे वजनं वाढली. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, आधीच्या सर्वेक्षणात ३४.४ होती. इतकी पाकिटं वाटून. तेव्हा 'आधी पोषण, मग शिक्षण' म्हणणाऱ्यांनी हा तामिळनाडूचा प्रयोग जरूर वाचावा.

आता नेहमीचा आक्षेप. "मॅडम, लोक पोरं अंगणवाडीत पाठवतच नाहीत, सगळे इंग्लिश नर्सरीत टाकतात." टाकतात, खरंय. आमच्या गावातूनही पिवळी व्हॅन जाते. रोजंदारीवर जाणारी आईसुद्धा फी भरते, कधी बचत गटाचं कर्ज काढून. तिला नावं ठेवायची माझी तयारी नाही. अंगणवाडी म्हणजे खाऊ, शाळा म्हणजे टाय, एवढंच तिच्यासमोर ठेवलंय आपण. पण त्या नर्सरीतून पहिलीत परत आमच्याकडे आलेली पोरंही मी बघते. एबीसीडी झेडपर्यंत घडाघडा, आणि "घरी कोण कोण असतं?" विचारलं की गप्प. चार वर्षांच्या बोटांनी चार रेघी वही भरून घेतलेली असते, त्या बोटांनी कधी माती हाताळलेली नसते. गरिबाचे पैसे जातात आणि पोर तिथल्या तिथेच राहतं. घराजवळ, फुकट, खरोखर शिकवणारी अंगणवाडी असेल तर ही व्हॅन निम्मी रिकामी होईल असा माझा अंदाज आहे, पैज लावायलाही तयार आहे.

शाळेलाच जोडून बालवाटिका काढा असंही हल्ली ऐकू येतं. ज्यांची अंगणवाडी शाळेच्या आवारात आहे त्यांचं ठीक. पण तीन वर्षांचं पोर वस्तीवरून दीड किलोमीटर चालत येणार आहे का? आणणार कोण?

ऊसतोडीच्या पोरांचं थोडं वेगळं आहे आणि ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीनंतर आमच्या शिवारात बीडकडची बिऱ्हाडं येतात, त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. कोयता, म्हणजे तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं, पहाटेच फडात जातो. मोठी बहीण, म्हणजे आठ-नऊ वर्षांची, कोपीवर धाकट्याला सांभाळते. तिची शाळा गेली, त्याची अंगणवाडी गावाकडे. त्याच्या नावाचं रेशन कागदावर इथे मिळू शकतं, पण दिवसभर त्याला बसवायला जागा आणि माणूस? पाळणाघर जोडलेल्या अंगणवाड्यांची योजना आहे म्हणतात, 'पाळणा' असंच नाव आहे. आमच्या भागात मला अजून तिचा बोर्डसुद्धा दिसलेला नाही. ही पोरं मार्च-एप्रिलात निघून जातात आणि कुणाच्याच रजिस्टरमध्ये 'गळती' म्हणून लागत नाहीत.

"पैसा कुठून आणणार?" चला, करू हिशेब. राज्यात अंगणवाड्या साधारण १ लाख १० हजार. अर्धवेळ बाईला महिना ६,००० धरा. महिन्याला ६६ कोटी, वर्षाला ७९२ कोटी. लाडकी बहीणचे १,५०० रुपये दोन कोटींहून जास्त बायकांना जातात, म्हणजे एका महिन्याचेच तीन हजार कोटींच्या वर. ते बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, माझ्या वर्गातल्या पोरांच्या वह्या त्यातून येतात. पण एका महिन्याच्या हप्त्याच्या चौथ्या हिश्श्यात अख्ख्या राज्यातल्या अंगणवाड्यांना वर्षभर शिकवणारं माणूस मिळतं, तर 'पैसा नाही' हे उत्तर मला सांगू नका.

"मदतनीस आहे की, तीच शिकवेल." ती शिजवते, वाढते, भांडी घासते, पोरं घरून आणते, पोचवते, एखादं शी करतं तेही तीच बघते. तिच्या वाट्याचं आणखी काही वाढवू नका, कृपा करा.

माणसं मिळणार नाहीत म्हणाल, तर आमच्याच गावात डी.एड. करून घरी बसलेल्या मुली आहेत. एकजण ब्लाउज शिवते, एकजण दुकानात हिशेब लिहिते. शिवणवालीला मी सहज म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम, लहान पोरं, सहा हजार, करशील का? तिनं मशीन थांबवलंही नाही. म्हणाली, "मॅडम, जाहिरात कधी निघणार तेवढं सांगा."