इलेक्ट्रिक गिटारसाठी ट्यूनर घ्यायचा म्हणजे नुसता डोक्याला ताप

मला ट्यूनरकडून हवंय ते अगदी साधं आहे हो. सहावी तार, ती जाडी ई, छेडली की त्याने ती पटकन ओळखावी, काटा थरथरत बसू नये, आणि हिरवा दिवा लागला की तार खरोखर सुरात आहे असं डोळे झाकून धरता यावं. संपलं. एवढंच कळावं म्हणून किती जाहिराती, किती तुलना, किती ‘टॉप टेन’ व्हिडिओ बघायचे माणसाने? आणि सगळं बघून झाल्यावर काय कळतं, तर रंग किती आहेत, बॉडी मेटलची आहे का प्लॅस्टिकची, आणि स्क्रीन गोल फिरते का. तार किती वेळात पकडतो ते कोणी सांगतच नाही!

सगळ्यात जास्त डोक्यात जातो तो अचूकतेचा आकडा. बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिणार, अचूकता अधिक-उणे १ सेंट, कुठे ०.५, कुठे थेट ०.१. एका सेमीटोनचे, म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे, १०० सेंट, म्हणजे जाड्या ईवर, जी ८२.४१ हर्ट्झला लागते, १ सेंट म्हणजे जेमतेम ०.०५ हर्ट्झ. ऐकायला भारी वाटतं. पण हा आकडा आतल्या चिपच्या मोजणीचा आहे, मला डोळ्यांना काय दिसणार त्याचा नाही. हिरवा दिवा किती सेंटच्या आत लागतो? ते कुठेच लिहिलेलं नसतं. मोजायचं एका सेंटपर्यंत आणि हिरवा दिवा लावायचा अधिक-उणे ३ सेंटला, मग त्या एका सेंटचं मी काय करू? समजा दोन गिटारवाले आहेत, दोघांचे दिवे हिरवे, एक ३ सेंट वर आणि दुसरा ३ सेंट खाली. आता दोघांनी पहिली तार, बारीक ई, एकत्र वाजवली की ३२९.६३ हर्ट्झला ६ सेंटचा फरक म्हणजे एका हर्ट्झहून थोडा जास्त, म्हणजे साधारण सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो, स्पष्ट ऐकू येतं. आणि दोघं एकमेकांना सांगतायत की माझी बरोबर आहे, बघ ना हिरवा आहे!

आणि तार म्हणजे काय इलेक्ट्रॉनिक घड्याळ नाहीये की एकच आकडा धरून बसेल. पिकने जोरात मारली की पहिल्या क्षणी स्वर काही सेंट वर जातो, मग खाली येऊन स्थिरावतो. ट्यूनरने नेमका कुठला क्षण धरायचा? काही ट्यूनर त्या पहिल्या धक्क्यालाच चिकटतात, काही इतके संथ की काटा मधे येईपर्यंत तार विझत आलेली असते, मग परत मारा, परत तेच. हे सगळं त्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे आणि विकत घेताना नेमकं हेच तपासता येत नाही, कारण रिव्ह्यूवाला व्हिडिओत बारीक तारा लावून दाखवतो, ज्या कुठलाही ट्यूनर पकडतो. अरे जाडी ई दाखव ना! तिथेच तर सगळे आपटतात.

यामागचं कारणही लोकांना कोणी सांगत नाही. जाड्या तारेत मूळ स्वराबरोबर वरचे हार्मोनिक, म्हणजे त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे स्वर, जोरदार असतात, आणि ब्रिज पिकअपवर (पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, हा तारा जिथे बॉडीवर टेकतात त्या ब्रिजजवळचा) तर ते मूळ स्वराला झाकून टाकतात. ईचा तिसरा हार्मोनिक २४७ हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे चक्क बी. म्हणून तुम्ही ई छेडताय आणि स्क्रीनवर ई, बी, ई, बी असा नाच चाललाय. यावरचा उपाय सोपा आहे, गळ्याजवळचा नेक पिकअप लावा, टोनचा नॉब कमी करा, बाराव्या फ्रेटच्या वर अंगठ्याने हळू छेडा, बाकीच्या तारा तळहाताने दाबून ठेवा. लगेच फरक पडतो. पण दोन ओळीत मावणारी ही गोष्ट मॅन्युअलमध्ये का नाही? मॅन्युअलमध्ये काय, तर पाण्यात टाकू नका.

आता क्लिप-ऑन. हेडस्टॉकला, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाला, चिमट्यासारखा लावायचा, आत पिझो सेन्सर, तो लाकडाची थरथर ओळखतो, केबल नको काही नको, घरी बसून वाजवायला मस्तच, मी नाही म्हणत नाही. पण ‘स्टेजसाठी परफेक्ट’ असं लिहून विकतात ना, तिथे माझं टाळकं सरकतं. स्टेजवर बास आणि ड्रम सुरू असताना सगळं लाकूडच हलत असतं, हेडस्टॉकसकट. आम्ही दोन गाण्यांच्या मधे उभे, ड्रमर किक तपासतोय, बासवाला काहीतरी वाजवत बसलाय आणि माझा क्लिप-ऑन मी तारेला हातही न लावता ए दाखवतोय! बासवाला थांबेपर्यंत वाट बघत उभं राहायचं, लोक बघतायत, त्यात तो बारका एलसीडी समोरून दिसतो आणि जरा तिरकं पाहिलं की काळा पडतो. आणि बटण सेल. मधेच मान टाकतो, आणि टाकण्याआधी स्क्रीन फिकट होते तेव्हाच कळतं. हेडलेस गिटार असेल तर चिमटा लावायला हेडस्टॉकच नाही, त्यांना तर कोणी विचारतच नाही.

मग म्हणतात फोनवर फुकट ॲप आहे की, कशाला पैसे घालवतोस. शांत खोलीत ठीक आहे. पण इलेक्ट्रिक गिटार अँप्लिफायरशिवाय वाजतेच किती? बॉडी भरीव, पोकळी नाही, आणि फोनच्या माईकला पंखा, गप्पा, टीव्ही सगळं सारखंच ऐकू येतं. इलेक्ट्रिक गिटारला जॅक आहे, पिकअपचा सिग्नल आयता बाहेर येतोय, तो सोडून हवेतून आवाज पकडायला सांगणं हा कसला सल्ला?

म्हणजे उरलं पेडल, गिटारच्या केबलला जोडून जमिनीवर ठेवायचा ट्यूनर. सिग्नल थेट तारेवरून येतो, बाहेर कितीही गोंधळ असू दे त्याला घेणंदेणं नाही, पायाने दाबलं की आवाज बंद, शांतपणे ट्यून करा. इलेक्ट्रिकवाल्याने बँडमध्ये वाजवायचं असेल तर पेडलच घ्यावं, हे मी कोणालाही सांगेन. पण इथेही त्रास आहेच. बरीच छोटी पेडलं ९ व्होल्टचा सेल घेतच नाहीत, अॅडॅप्टरच लागतो, तोही सेंटर निगेटिव्ह (पिनच्या मधे ऋण टोक असलेला), आणि बॉक्समध्ये तो नसतो, हे घरी आणून बॉक्स उघडल्यावर कळतं. ‘ट्रू बायपास’, म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल आतल्या सर्किटला न शिवता थेट पुढे जातो, असं छातीठोक छापतात जणू तेच सर्वात चांगलं. लांब केबल आणि ओळीने सगळी ट्रू बायपास पेडलं असली की आवाजातली धार कमी होते, तिथे सुरुवातीला बफर (सिग्नल टिकवून धरणारं छोटं सर्किट) असलेला ट्यूनर उलट उपयोगी पडतो. पण आतमध्ये बफर आहे का नाही हे शोधायला बारीक अक्षरं वाचत बसा.

स्ट्रोबवाल्यांचं, म्हणजे काट्याऐवजी सरकणारे पट्टे दाखवणाऱ्या अतिअचूक ट्यूनरवाल्यांचं, वेगळंच. कॉन कंपनीचा स्ट्रोबोकॉन १९३६ मध्ये आला, कॉर्ग कंपनीचा काट्याचा छोटा ट्यूनर १९७५ मध्ये, म्हणजे ही विद्या काही कालची नाही. स्ट्रोबचा ०.१ सेंट ब्रिजवरचे सॅडल (तार टेकते ते छोटे तुकडे) पुढेमागे करून इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर बरोबर यावा असं, लावताना खरंच कामाचा आहे. पण दोन गाण्यांच्या मधे? बोटाने तार जरा जोरात दाबली तरी काही सेंट हलतात. नवीन शिकणाऱ्या पोराला ‘०.१ नसेल तर घेऊच नको’ असं सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, तो बिचारा महागडा ट्यूनर घेतो आणि जुन्या गंजलेल्या तारांवर सूर लागत नाही म्हणून स्वतःच्या कानाला दोष देत बसतो.

आणि शेवटचं, ते कॅलिब्रेशनचं बटण, म्हणजे ए हा आधारस्वर किती हर्ट्झचा धरायचा ते ठरवणारं. ए ४४० हर्ट्झ हे बहुतेकांना लागतं, बाकीचं फार थोड्यांना. तरीही ते बटण उघड्यावर, ऑन-ऑफच्या शेजारी, बॅगेत घासून ४३६ होतं आणि ट्यूनर बंद करून चालू केला तरी तसंच राहतं. चार हर्ट्झ म्हणजे जवळपास १६ सेंट! तुम्ही सहाही तारा छान हिरव्या करता, एकमेकींशी जुळतातही, आणि कीबोर्डवाला सुरू झाला की सगळं बेसूर. सगळे तुमच्याकडे बघतात. ते बटण तीन सेकंद दाबल्याशिवाय बदलणार नाही एवढं करायला काय जातं? आणि बॉक्सवर रंगांच्या यादीऐवजी हिरवा दिवा किती सेंटला लागतो, जाडी ई किती वेळात पकडतो, सेलवर चालतो का आणि बफर आहे का, एवढं छापा, मी उद्याच्या उद्या घेतो.