पोटासाठी खेळणारे

आज सकाळी भाच्याच्या टेनिस स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला गेले होते. प्रमुख पाहुणे म्हणाले, "आमच्या काळी लोक खेळासाठी खेळायचे, पोटासाठी नाही." टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. घरी येऊन चहा टाकला, तो गार झाला, डोकं काही शांत होईना. म्हणून हे लिहितेय.

माझे बाबा एका जिमखान्यात मार्कर होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सभासदाचा जोडीदार आला नाही की त्याच्याशी खेळायचं, पोरांना बॉल टाकून शिकवायचं, रॅकेटचं गटिंग करायचं, म्हणजे जाळी विणायची, संध्याकाळी कोर्टावर पाणी मारायचं. ज्याच्यासमोर नेटपलीकडे उभं राहायचं, त्याच्या शेजारी खुर्चीत बसायचं नाही. चहा कॅन्टीनच्या मागच्या दाराशी. मी आठेक वर्षांची असेन, क्लबच्या चॅम्पियनला फायनलआधी सराव हवा होता. बाबांनी त्याला 6-1 हरवलं. तो घाम पुसत म्हणाला, "तुझं काय, रोज खेळतोस. पगार घेतोस त्याचा." दुसऱ्या दिवशी कप त्यानेच उचलला. बाबा कडेला बॉल गोळा करत होते.

हे आठवलं की मला विली पार्क आठवतो, स्कॉटलंडचा जुन्या काळचा गोल्फपटू. गोल्फशी माझा काडीचा संबंध नाही हो. लेकीच्या पदवीदानाला एडिंबरोला गेले होते, तेव्हा एक दिवस जवळच्या मसलबरोला गेलो. तिथलं जुनं नऊ होलचं मैदान चक्क घोड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकच्या आत आहे. विली पार्क त्याच मातीतला. जन्म 1833 चा, घरची गरिबी, लहानपणी साहेबलोकांच्या स्टिका वाहणारा कॅडी. पण हात असा की विशीतच सेंट अँड्र्यूजला जाऊन अ‍ॅलन रॉबर्टसनला आव्हान दिलं. रॉबर्टसन म्हणजे तेव्हाचा सगळ्यात मोठा खेळाडू. तो काही विलीसमोर उभा राहिला नाही. मग विलीने टॉम मॉरिस या दुसऱ्या नावाजलेल्या गोल्फपटूला हरवलं. पुढे पेपरात जाहिरात देऊन 100 पौंडांच्या पैजेवर कुणालाही या म्हणायचा.

1859 मध्ये रॉबर्टसन गेला. आता सर्वांत भारी कोण, हे ठरवायला स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकच्या गोल्फ क्लबने 1860 मध्ये स्पर्धा ठेवली. हीच ती गोल्फची पहिली ओपन, ब्रिटिश ओपन म्हणतात ती. बाकीच्या क्लबांना कळवलं, तुमच्याकडचे ओळखीचे आणि सभ्य कॅडी पाठवा. सभ्य! आले आठजण. 17 ऑक्टोबरला एका दिवसात बारा होलच्या तीन फेऱ्या. विली 174 फटके, टॉम मॉरिस 176; गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो. विलीला चांदीचं बक्कल लावलेला लाल कातडी पट्टा मिळाला. रोख बक्षीस? एक छदामही नाही.

आणि ऐका, प्रत्येक जोडीबरोबर क्लबचा एक सभासद फिरत होता, हे लोक फसवाफसवी करतील म्हणून. त्या माणसाला काय म्हणायचे माहितीय? मार्कर. हे कळलं तेव्हा मी त्या मैदानाच्या कुंपणाशी एकटीच हसले होते. आमच्याकडे मार्कर हा चाकर, तिकडे मार्कर हा पहारेकरी. बाबांवर पहारा ठेवायची कुणाला गरज वाटली नाही, एक वाक्य पुरलं.

पुढचं वाचून तर माझा संतापच झाला. 1863 मध्ये पहिल्यांदा पैसे ठेवले, एकूण 10 पौंड. ते कुणाला? दुसऱ्याला 5, तिसऱ्याला 3, चौथ्याला 2. पहिल्याला मान, म्हणजे तोच पट्टा, तोही वर्षभरापुरता. आणि पहिला कोण आला? विली पार्क. ज्याला हरवलं तो टॉम मॉरिस 5 पौंड घेऊन घरी गेला, आणि जिंकलेला माणूस पट्टा घेऊन. पट्ट्याने पोट आवळता येतं, भरता येत नाही. पगार घेतोस त्याचा, म्हणे.

बरं, मान्य, साहेबांनी खिशात हात घातला नसता तर ओपन सुरूच झाली नसती. आमच्या जिमखान्यातल्याही एका काकांनी माझी दहावीची फी भरली होती. झालं?

विली काही संत नव्हता. एका पायावर उभा राहून, एका हाताने खेळून हौशी लोकांकडून पैजा जिंकायचा. 1870 मध्ये मसलबरोलाच विली आणि टॉमच्या पैजेच्या सामन्यात त्याच्या गावच्या गर्दीने टॉमला इतका त्रास दिला की पंच आणि टॉम सामना सोडून शेजारच्या गुत्त्यात जाऊन बसले. विलीने निरोप धाडला, येत नसाल तर उरलेले होल मी एकटा खेळतो आणि पैसे माझे. खेळलासुद्धा! मला हे वाचून फार बरं वाटलं, का ते विचारू नका. बाबांनी असं एकदा तरी करायला हवं होतं.

ओपन त्याने चारदा जिंकली, शेवटची 1875 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी भाऊ मंगो, पुढे मुलगा दोनदा. स्टिका आणि बॉल बनवायचा धंदा काढला. 1903 मध्ये गेला.

एवढं टाइप करून बाबांना फोन लावला. पाहुण्यांचं भाषण सांगितलं, त्या 6-1 ची आठवण काढली. म्हटलं, "बाबा, तुम्हाला राग नाही आला?" म्हणाले, "अगं, 6-2 होतं ते. त्याचा बॅकहँड चांगला होता." मग मी विलीचा पट्टा सांगितला. बराच वेळ गप्प. मग विचारलं, "पहिल्याला पैसे कधीपासून दिले?"

"पुढच्याच वर्षी, बाबा. 6 पौंड."

"मग पुढच्या वर्षी हाच जिंकला ना?"

"नाही. टॉम मॉरिस."

बाबा इतके हसले की आईने येऊन फोन घेतला.